बाबा पाणीच पीत नाहीत, जेवणातूनच पाणी पोटात जाईल असं काय देता येईल?

चंद्रपूरची_लेक
नमस्कार मंडळी, मी पुण्यात असते, आईबाबा चंद्रपूरला. बाबा ७२ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि शुगर बॉर्डरवर. पारा ४५ च्या वर गेला तरी हा माणूस दिवसभरात जेमतेम दोन-तीन ग्लास पाणी पितो, आई मागे लागली की चिडतात, तहानच नाही म्हणतात. जेवण मात्र आवडीने करतात. मग जेवणातूनच काही करता येईल का? आईला सोपं पडेल आणि तिकडे सहज मिळेल असं सुचवा प्लीज, नवतपा (मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आत काहीतरी बसवायचंय.

वर्धेचा_माठ
तहान नाही म्हणतात ते खोटं नसतं हो ताई, वय झालं की तहानेची जाणीवच कमी होते, शरीराला पाणी हवं असतं पण आतून तसं कळत नाही, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नका. आमच्याकडे आजोबांचं असंच होतं. आईने त्यांना 'पाणी प्या' म्हणणं सोडूनच दिलं आणि ताट बदललं. दुपारी कोरडी भाकरी-पिठलं बंद, त्याऐवजी ताकातली कढी नाहीतर पातळ वरण-भात, सोबत काकडीची नाहीतर कांदा-टोमॅटोची दह्यातली कोशिंबीर. शिजलेल्या भातात साधारण ७०% पाणी असतं, भाकरी-पोळीत बरंच कमी. काकडी आणि दुधी तर ९५% पाणीच. दुधी-दोडक्याची रस्सा भाजी रोज आलटून पालटून. बाकी माठात वाळ्याची जुडी टाका, त्या वासाने आजोबा आपणहून एखादा पेला जास्त प्यायचे.

आंबीलवाली
आंबील!! एवढ्या चांगल्या गोष्टीचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात ते हळूहळू ओतायचं आणि हलवत राहायचं नाहीतर गुठळ्या होतात, शिजलं की ठेचलेला लसूण, जिरं, बेताचं मीठ. पूर्ण गार झालं की वरून पुन्हा ताक घालून पिण्याइतकं पातळ करायचं. पोट भरतं, थंड वाटतं आणि घामावाटे गेलेलं मीठही थोडं परत मिळतं. नाचणीचीही छान होते. उन्हात निघायच्या आधी वाटीभर द्याच.

रतांबा_सिंधुदुर्ग
आमच्याकडे हे काम पेज करते. उकड्या तांदळाची सकाळची पेज, सोबत लोणच्याची फोड, शेतावर जाणारी माणसं त्यावरच दुपारपर्यंत काढतात. कोकम घेणार असाल तर शुगरमुळे साखरेत मुरवलेलं अमृत कोकम नको, आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा खारट रस) घ्या आणि पाण्यात चमचाभर घालून जिरेपूड टाका. पण आगळात मीठ भरपूर असतं, वरून अजिबात घालायचं नाही, बीपीवाल्यांनी तर आगळही कमीच घ्यावं.

पाणपोई
कलिंगड, शहाळं, उसाचा रस राहिलंच की सगळं! रोज एक शहाळं सुरू करा, एकदम बेस्ट.

आंबीलवाली
@पाणपोई रोज शहाळं सरसकट नको. त्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनीचा त्रास असेल तर ते चालत नाही, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढतं. उसाचा रस शुगरवाल्यांना नकोच. कलिंगड चालेल, त्यात ९०% च्या वर पाणी आहे, पण एका वेळी वाटीभरच, आणि घरी कापलेलं, गाडीवरच्या उघड्या फोडी नकोत.

ओपीडी_नंतर
मी डॉक्टर आहे म्हणून थोडं लांबतंय, रागावू नका. पहिलं म्हणजे त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, असेल तर अशा उन्हात डोस बदलायचा का ते तेच ठरवतील, आपण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. दुसरं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ताक, वरण, आंबील हे सगळं त्या मोजमापातच धरायचं. एरवी जेवणातून साधारण पाचवा हिस्सा पाणी मिळतं, ते नक्की वाढवता येतं पण प्यायचं पाणी पूर्ण सुटत नाही, म्हणून गोळीसोबत मोठा पेला, उठल्यावर एक, असं बांधून घ्या. चहा बंद करायची गरज नाही, दोन-तीन कप चहाने पाणी कमी होत नाही. ओआरएस रोजचं पेय म्हणून नको. जुलाब-उलट्या झाल्या किंवा फार घाम गेला तरच, आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, ग्लासात अर्धं टाकून नाही. लघवी गडद पिवळी किंवा फार कमी होतेय का त्याकडे आईंना लक्ष ठेवायला सांगा. आणि बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, झापड येतेय असं दिसलं तर पन्हं-बिन्हं करत बसू नका, सावलीत आणा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही.

चंद्रपूरची_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला फोन झाला, ज्वारीचं पीठ घरात आहेच, आज रात्रीच ताकात कालवते म्हणाली. डॉक्टरांना गोळीचं उद्या विचारते. एक विचारायचं राहिलं, आमच्याकडे कैरी भाजून पन्हं करतात, बाबांना गूळ न घालता देता येईल का? आणि आईला रोज उठून कैऱ्या भाजायला लावायच्या नाहीयेत.

वर्धेचा_माठ
येईल की, भाजलेल्या कैरीचा गर, जिरेपूड, पुदिना आणि चिमूटभर मीठ, खारं पन्हं मस्त लागतं. तीन-चार दिवसांचा गर एकदम काढून काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, जास्त करायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि एकेक वडी पेल्यात टाका.