बिलाच्या काउंटरवर पिशवी कुणी भरायची? ('बिनपगारी नोकर' म्हणणाऱ्यांसाठी खास)

चारपिशव्या_बाई

काल महागाईच्या धाग्यावर नाना_डोंबिवलीकर यांनी जाता जाता एक पिंक टाकली: "सुपरमार्केटात आपलं सामान आपणच पिशवीत भरणारे म्हणजे मालकाचे बिनपगारी नोकर. स्वाभिमानी गिऱ्हाईक हाताची घडी घालून उभं राहतं." तूरडाळीवरून सगळे भांडत होते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

तर मी बिनपगारी नोकर. महिन्याच्या वाणसामानाला चार पिशव्या घेऊन जाते आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. पहिलीत तांदूळ, डाळी, गूळ. दुसरीत तेलाच्या पिशव्या, त्याही उभ्या, खाली जुना टॉवेल. तिसरीत साबण, भांड्यांचा बार, फिनेल, उदबत्ती. चौथीत पापड, शेवया, बिस्किटं, म्हणजे जे दाबलं की संपलं. घरी आले की पहिली ओट्यापाशी, तिसरी बाथरूमच्या दाराशी. उचकपाचक नाही.

मागच्या श्रावणात तुफान गर्दी होती. काउंटरवरचा मुलगा "द्या काकू, मी भरतो" म्हणाला आणि मी भिडेखातर गप्प बसले. त्याने रव्यावर मोगऱ्याच्या उदबत्तीचे दोन पुडे ठेवले. सत्यनारायण दोन दिवसांनी होता. प्रसादाचा शिरा मोगऱ्याचा झाला. गुरुजी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा मागितला नाही. सत्यनारायणाचा शिरा दुसऱ्यांदा न मागणारा माणूस पाहिलाय कुणी?

नाना, द्या उत्तर.

नाना_डोंबिवलीकर

देतो. पिशवी दोन दिवस न उपसता ठेवली कुणी? त्या मुलाने?

आता मुद्द्याचं. माझं वय ६९, उजवा खांदा आखडलेला. काउंटरवर काय होतं ते ऐका. मुलगी सामान टिक-टिक करत पुढे ढकलत असते. "मोबाइल नंबर?" सांगतो. "पिशवी हवीये?" आणलीय. "कार्ड की यूपीआय?" चष्मा शोधा, फोन काढा, पिन आठवा. तोवर समोर डोंगर झालेला, पुढच्याचा शाम्पू माझ्या पोह्यांत येऊन मिसळलेला, आणि मागची बाई "च्" करते. ते "च्" मला स्टेशनपर्यंत ऐकू येतं.

आमचा वाणी यादी ठेवून घ्यायचा. संध्याकाळी पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर सामान आणून द्यायचा, आईच्या हातचं पाणी पिऊन जायचा. आता घरपोच गेलं, मोजून देणं गेलं, भरून देणंही गेलं. उद्या म्हणतील, बिलही तुम्हीच करा.

राईनकाठचा_राजा

नाना, तुमचं 'उद्या' इकडे केव्हाच उजाडलंय, स्वतः स्कॅन करा, स्वतः पैसे भरा. पण मी नेहमीच्या काउंटरबद्दल सांगतो. १४ वर्षं जर्मनीत आहे. आल्डी नावाच्या इथल्या सुपरमार्केटात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आपला एकेक वस्तू निवांत पिशवीत रचत होतो. कॅशियर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा महिनाभर दुसऱ्या दुकानात जात होतो. नंतर कळलं, काउंटरवर भरायचंच नसतं. सगळं परत ट्रॉलीत लोटायचं, पैसे द्यायचे आणि बाजूला खिडकीपाशी लांब फळी असते तिथे जाऊन सावकाश भरायचं. रांग अडत नाही, "च्" नाही.

अजून एक. जड वस्तू पट्ट्यावर आधी ठेवा, अंडी-टोमॅटो शेवटी. ज्या क्रमाने पट्ट्यावर, त्याच क्रमाने पिशवीत. निम्मं भरणं तिथेच होतं.

आणि वॉलमार्टची गोष्ट ऐकली असेलच. १९९७ला जर्मनीत आले, अमेरिकेसारखी दारात हसून स्वागत करणारी आणि पिशव्या भरून देणारी माणसं ठेवली. इथल्या लोकांना ते आवडेना, परक्याने आपल्या सामानाला हात का लावावा म्हणून. २००६ला गाशा गुंडाळला. फक्त पिशव्यांमुळे नाही हं. इथल्या स्वस्त दुकानांचे भाव, कामगारांशी वाद अशी मोठी कारणं होती. पण भरून दिलं की गिऱ्हाईक खूश, हे काही खरं नाही.

वऱ्हाडी_झटका

जर्मनीचं कायले सांगून राहिले भाऊ? ते फळीवालं ठीक आहे, पण आमच्याकडे दुकानवाला त्या फळीच्या जागेत चॉकलेटचा स्टँड लावते. काउंटरच्या पुढे दोन फूट जागा नाही, तिथंच दार, तिथंच वॉचमन. नानाले म्हणा नागपुरात या. मागची बाई "च्" नाही करत, सरळ विचारते, "काका, झालं का?"

एडिसनचा_बंड्या

न्यू जर्सीचा न्याय बघा. इथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९पासून. गाडीतून उतरायचं नाही, माणूस येऊन भरणार. आणि किराणा? २०२२च्या मेपासून मोठ्या दुकानांत प्लास्टिकच काय, कागदी पिशवीही मिळत नाही. आपली आणा. विसरलात तर विकत घ्या, नाही तर ट्रॉलीतून सुटं सामान गाडीच्या डिकीत ओता. मी ओतलंय. डिकीत बटाटे अजून सापडतात.

भरून देणारी शाळकरी मुलं किंवा निवृत्त आजोबा अजून असतात काही ठिकाणी. प्रेमाने भरतात. ब्रेडवर दुधाचा गॅलन ठेवून भरतात. त्यामुळे चारपिशव्याताई, माझं मत तुम्हाला. नाइलाजाने.

कलम_वाचा

सगळे भलतीकडे निघालात. पिशवी कोण भरतो हा प्रश्नच नाही. पिशवीचे पैसे कोण भरतो हा आहे. २०१९मध्ये चंडीगढच्या ग्राहक मंचाने ३ रुपयांच्या कागदी पिशवीसाठी बाटाला ९,००० रुपयांना चाप लावला. डिसेंबर २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारला सांगितलं की गिऱ्हाइकाला आधी कल्पना न देता पैसे देतानाच पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, बंद करा. तरी आपण मुकाट्याने १० रुपये देतो, वर त्यांचीच जाहिरात छापलेली पिशवी मिरवत घरी येतो.

चारपिशव्या_बाई

मी देत नाही. मी घरून नेते. आणि धाग्याचा विषय पिशवीचे पैसे नाही.

कलम_वाचा

घरून नेता? मग दारात काय होतं तेही लिहा ना. वॉचमन तुमच्या रिकाम्या पिशवीचे बंद प्लास्टिकच्या टायने आवळतो, तुम्ही चोर असल्यासारखे. काउंटरवर तो टाय कापायला कात्री नसते. ती सातव्या काउंटरवर असते, सातव्यावरून पाचव्यावर गेलेली असते. मग तोवर सामान हातात धरून उभे राहा. मग बाहेर पडताना बिलावर शिक्का. त्याने मोजलेलं काहीच नसतं, नुसता ठोकायचा. एकदा मी म्हटलं, मोजूनच शिक्का मार. ३७ वस्तू. मागे रांग पार दह्याच्या फ्रिजपर्यंत गेली.

वऱ्हाडी_झटका

म्हणजे ते तुम्ही होते! 😂

दुकानाची_पायरी

मी वाण्याचा मुलगा. कराडजवळ ३ पिढ्यांचं दुकान. 'फुकट पिशवी' आणि 'आमचा वाणी' वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

आजोबांच्या काळात छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं. रद्दीच्या कागदाचा पुडा, त्याला दोन आडवे दोन उभे फेरे, दोरा बोटाला गुंडाळून खट्कन तोडायचा. मलाही येतं. चहाची पुडी, हिंगाची पुडी, सगळ्यांची घडी वेगळी. पण तो कागद तागडीत साखरेबरोबरच मोजला जायचा. गावात सगळीकडे तसंच. तेव्हा वकीलसाहेब, पिशवी फुकट कधीच नव्हती.

नाना_डोंबिवलीकर

म्हणजे साखरेच्या भावात रद्दी! चाळीस वर्षांनी कबुली मिळाली. आणि वर हे लोक आम्हाला 'गिऱ्हाईक देव' सांगायचे.

दुकानाची_पायरी

देवच होतात. देव उधारी ठेवतात आणि वहीत नाव सापडलं की गाव सोडून जातात, अशा देवांची आमच्याकडे एक आख्खी वही आहे.

आणि तुमचा तो 'पोऱ्या', तिसऱ्या मजल्यावर पाणी पिऊन जाणारा. आमच्याकडचा पोऱ्या म्हणजे माझा काका. नववीत शाळा सुटली. १५ किलोचा तेलाचा डबा खांद्यावर घेऊन जिने चढायचा. आज त्याचे दोन्ही गुडघे गेलेत. त्याला कुणी विचारलं का, स्वाभिमानाचं काय म्हणून? पाणी पाजलं म्हणजे हिशेब मिटला?

नाना_डोंबिवलीकर

तुमच्या काकांबद्दल वाईट वाटतं. पण त्यांना शाळेतून काढलं दुकानाने, माझ्या आईने नाही. माझ्या आईला यात ओढायचं कारण नव्हतं.

कलम_वाचा

वजनाचा मुद्दा गंभीर आहे. वेष्टन धरून वजन करणं हे तेव्हाही बेकायदा

चारपिशव्या_बाई

कलमराव, पुरे!! वेगळा धागा काढा. पहिली प्रतिक्रिया मीच देईन, पण इथे नको.

कलम_वाचा

काढलेला आहे. 'कॅरीबॅगची लूट, भाग ३'. भाग १ आणि २ला एकही प्रतिसाद नाही, म्हणून इथे लिहावं लागतं. जाताना एवढंच, २०१८च्या २३ जूनपासून राज्यात प्लास्टिक पिशवीला पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि माझा भाजीवाला मला परवा काळ्या पिशवीत मेथी देत होता.

राईनकाठचा_राजा

घेतलीत का?

कलम_वाचा

पाऊस होता.

काउंटर_नंबर_सात

दोन वर्षं मी बिलावर बसायचे असं लिहिणार होते, पण बसायचे नाही, उभी असायचे. ९ तास. कुठल्या दुकानात ते सोडा. खुर्ची नव्हती, कारण बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी दिसते म्हणे. केरळने २०१८मध्ये कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला, तामिळनाडूने २०२१मध्ये. ते राईनकाठवाले सांगतात त्या कॅशियर बाई खुर्चीत बसून लोकांकडे रागाने बघतात. मला नुसतं बसायला मिळालं असतं तर मी सगळ्यांकडे हसून बघितलं असतं.

आता भरण्याबद्दल. आम्हाला भरायला सांगितलेलंच नव्हतं. बिल किती झटपट होतं ते मशीनवर दिसायचं आणि संध्याकाळी सुपरवायझर वाचून दाखवायचा. भरून दिलं तर आकडा खाली. नाही दिलं तर गिऱ्हाईक म्हणणार मुलगी उद्धट. म्हाताऱ्या माणसांना मी तरीही भरून द्यायचे. एका आजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हात नको लावू, माझं सोवळ्यातलं आहे." प्लास्टिकच्या पुड्यात बंद असलेली साखर.

नाना, ज्या मुलीला तुम्ही हाताची घडी घालून बघत असता, तिची पाठ दुखत असते. आणि काकू, सॉरी, पण तुमच्यासारख्या चार पिशव्यांवाल्या आल्या की आम्ही एकमेकींना खूण करायचो. एक टॉवेल उलगडणारी बाई म्हणजे चार गिऱ्हाइकांचा वेळ.

चारपिशव्या_बाई

टॉवेल मी घरूनच घालून नेते, तिथे उलगडत नाही.

बरं, कधीकधी उलगडते.

सोवळ्याचं वाचून मात्र अंगावर काटा आला. माझ्या 'हात लावलेला खपत नाही'चा अर्थ तो नव्हता. पण तुझ्या जागी उभं राहून ऐकलं तर तसंच ऐकू येईल, हे आत्ता कळतंय. उदबत्तीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

नाना_डोंबिवलीकर

खुर्चीचं मला ठाऊक नव्हतं, म्हणजे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. पण बाळ, यात माझी बाजूच पक्की होते. भरायला एक माणूस जास्त ठेवा, तुला खुर्ची द्या, पैसे मालकाच्या खिशातून जाऊ देत. तू बिल कर, तो भरेल, मी पिन आठवीन.

दुकानाची_पायरी

आणि तो जास्तीचा माणूस आला की डाळ २ रुपयांनी चढली म्हणून पहिला धागा तुम्हीच काढणार. महागाईच्या धाग्यावर काल तुमचेच ११ प्रतिसाद आहेत, मोजलेत.

नाना_डोंबिवलीकर

साखरेत रद्दी मोजणाऱ्यांनी माझे प्रतिसाद मोजू नयेत.

एडिसनचा_बंड्या

मधला मार्ग. ज्याला हवं त्याने सांगावं, बाकीच्यांनी स्वतः भरावं. खांदा दुखणाऱ्यांसाठी एक काउंटर राखीव.

वऱ्हाडी_झटका

राखीव काउंटर? त्याच्यावर सगळ्यात मोठी रांग लागन भाऊ. आपल्याकडे खांदा कोणाचा नाही दुखत?

नाना_डोंबिवलीकर (चार दिवसांनी)

धागा वर काढतोय. शनिवारी गेलो होतो. काउंटरवरची मुलगी उभीच होती. मी म्हटलं, तू बिल कर, मी भरतो, सावकाश. तिने असं पाहिलं की मी काहीतरी चूक केलीय की काय. डाव्या हाताने भरलं सगळं. मागून एकदा "च्" आलं, मी वळून बघितलं नाही. घरी येऊन पाहिलं तर सहातली चार अंडी फुटलेली.

राईनकाठचा_राजा

पट्ट्यावर कधी ठेवली होती?

नाना_डोंबिवलीकर

सगळ्यात आधी. फुटू नयेत म्हणून.