सगळं माहीत असून पण सिगारेट का सुटत नाही? (भावाबद्दल विचारतेय)

सई_राजारामपुरी:
नमस्कार. जरा रागातच लिहितेय, समजून घ्या. माझा दादा अजून चाळिशीच्या आत आहे, मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे दम्याचे पंप, खोकल्याची औषधं, बीपीच्या गोळ्या सगळं स्वतःच्या हातानं लोकांना देतो आणि वर सांगतो पण, की काका आता बिडी बंद करा. आमच्या बाबांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, आयुष्यभर बिडी ओढली, आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. बाथरूमपर्यंत जाऊन आले की पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसतात, खांदे वर-खाली होत राहतात आणि बराच वेळ तोंडातून शब्द निघत नाही. हे सगळं दादा रोज बघतो. मशीनच्या बाटलीतलं पाणी तोच बदलतो. आणि पाणी बदललं की लगेच खाली कोपऱ्यावरच्या टपरीवर!

घरात ऑक्सिजन चालू असतो म्हणून जिन्यात पण पेटवत नाही, एवढं सगळं कळतं, मग स्वतःच्या छातीचंच का कळत नाही? बोललं की म्हणतो, मला माहितीय गं, तू नको सांगू. मग मी ओरडते, मग तो उशिरा घरी येतो, तोंडात बडीशेप. वहिनीनं तर हा विषयच सोडून दिलाय. पाकिटावर एवढा मोठा फोटो असतो, तो काय दिसत नाही का? मला उपदेश नको आहे, जे ओढतात किंवा आधी ओढायचे त्यांनी खरंखरं सांगा, कळत असून पण हात तिकडं जातोच कसा?

शिरोली_शिफ्टवाला:
ताई मी ओढतो म्हणून पहिलं मीच लिहितो. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. वाईट आहे हे कळत न्हाई असा एक पण माणूस आमच्या खात्यात न्हाई, उलट सगळ्यात जास्त आम्हालाच माहीत असतं कारण सकाळी बेसिनपाशी खोकताना काय पडतं ते आम्ही बघतो.

आता फोटोचं सांगतो. फोटो दिसायला पाकीट हातात यायला लागतं. टपरीवर आपण सुटी सिगारेट घेतो, 2020 ला महाराष्ट्रात सुटी विकायला बंदी आली पण मिळायची काय थांबली न्हाई. टपरीवाला तोंड बघूनच ब्रँड काढतो, दोन बोटांत धरून पुढं करतो, लायटर दोरीला टांगलेला असतोय, आपण मान वाकवायची आणि पेटवायची. यात फोटो कुठं आला? आणि पाकीट घेतलं तरी तोच फोटो रोज बघून बघून डोळ्याला त्याची सवय होत्या.

दुसरी गोष्ट लोकांना कळत न्हाई ती म्हणजे सुट्टी. भट्टीजवळ उभं राहून अंगाची लाही होत असती, तिथं "सिगारेटला जाऊन येतो" म्हणलं की सुपरवायझर पण काय बोलत न्हाई, पण "जरा बाहेर बसतो" म्हणलं की लगेच काय रे काय झालं, बरं वाटत न्हाई काय, घरी जातोस काय. म्हणजे माणसाला पाच मिनिटं मोकळं उभं राहायला सिगारेट हेच कारण चालतं. जे ओढत न्हाईत ते मशीनवरच राहतात. मी हे समर्थन म्हणून सांगत न्हाई, तुम्ही खरं विचारलं म्हणून खरं सांगितलं. आणि अजून एक, कोण घरात ओरडलं की पहिली आठवण सिगारेटचीच येते, ओरडणाऱ्याचं चुकतंय असं न्हाई, पण येते.

छातीविकार_ओपीडी:
सई, मी छातीच्या आजारांवर प्रॅक्टिस करतो, तुमच्या दादासारखी माणसं रोज समोर बसतात. शिरोलीवाल्यांनी वरती अगदी बरोबर सांगितलंय, मी फक्त शरीराचं सांगतो.

झुरका घेतला की साधारण 10 सेकंदात निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथं डोपामिन म्हणजे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. रक्तातलं निम्मं निकोटिन दोनेक तासांत उतरतं, मग चिडचिड सुरू, लक्ष लागत नाही, हात शोधायला लागतो. परत ओढली की ते सगळं शांत होतं आणि माणसाला वाटतं सिगारेटनं टेन्शन गेलं. जे गेलं त्यातलं बरंचसं आधीची सिगारेट उतरल्यामुळंच आलेलं होतं, पण हे ओढणाऱ्याला आतून जाणवत नाही, त्याला फक्त आराम जाणवतो. आता एका बाजूला 10 सेकंदांत मिळणारा आराम आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांनी होऊ शकणारा आजार, यात मेंदू कुठली बाजू घेणार? म्हणून नुसत्या माहितीनं काम होत नाही.

माहिती असण्याबद्दल एक सांगतो. 1951 ला ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेटचा अभ्यास सुरू केला तो डॉक्टरांवरच, 34 हजारांच्या वर पुरुष डॉक्टर होते आणि त्यातले बहुतेक ओढणारे. 50 वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ओढत राहिलेले सरासरी 10 वर्षं आधी गेले. आणि ज्यांनी चाळिशीच्या आसपास सोडली त्यांनी त्यातली 9 वर्षं परत मिळवली. तुमचा दादा नेमका त्याच वयात आहे, म्हणून त्याला बाबांचं उदाहरण दाखवून घाबरवण्यापेक्षा हा आकडा सांगा. घाबरलेला माणूस परत टपरीकडंच जातो.

एक विचारून बघा, भांडण न करता. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं लागते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय शरीरात खोल गेलेली आहे, अशा माणसाला मनावर घे म्हणून सांगणं अन्याय आहे, त्याला औषधाची मदत लागते.

पेठेतला_काका:
मी शिवाजी पेठेत राहतो, आता सोडून बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी निकोटिनचं सांगितलं ते खरं पण माझ्यासाठी पहिला आठवडा गेल्यावर जड गेली ती संध्याकाळ. आमचा रंकाळा तलावावर कट्टा ठरलेला, चारपाच जण, एकानं पेटवली की दुसऱ्याला द्यायची, न घेणारा माणूस म्हणजे काहीतरी रुसलाय असं समजायचे. "घे की मर्दा, एकानं काय होतंय" हे आपल्याकडं प्रेमानं म्हणतात, चहा पाजावा तसं. त्या प्रेमाला नाही म्हणणं हे निकोटिनपेक्षा अवघड. मी शेवटी काही महिने तिथं जाणंच बंद केलं, सकाळी फिरायला जाणाऱ्या लोकांत बसायला लागलो. दोस्त नाराज झाले, नंतर त्यातल्याच एकाला अटॅक आला आणि तो मला फोन करून विचारायला लागला की तू कसं सोडलंस. सई बाळ, दादाचे दोस्त कोण आहेत, टपरीवर तो कुणाबरोबर उभा असतो ते बघ आधी.

निपाणीकडचा:
आमच्या भागात तंबाखू म्हणजे पोटाचाच विषय. आई रात्री उशिरापर्यंत बिड्या वळायची, तेंदूचं पान ओलं करायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून दोरा बांधायचा, आम्ही शेजारी अभ्यासाला बसायचो तर वहीला पण वास. 1981 ला शरद जोशींच्या मागं तंबाखूच्या भावासाठी इथले शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली, ते आमच्याकडं अजून घराघरात सांगतात. ज्या पानावर शाळेची फी भरली ते वाईट आहे हे तोंडानं म्हणायला सुद्धा वेळ लागतो. सईताई तुमच्या बाबांच्या बिडीबद्दल सांगतो, लोकांना वाटतं बिडी बारकी म्हणजे कमी त्रास, पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, सारखी ओढत राहिली नाही तर विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल. आणि धुराचं एवढं बोलतो आपण पण मशेरी आणि मावा? 2016-17 च्या सरकारी सर्वेत महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ लोक तंबाखू घेणारे होते आणि त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के. बाकीची सगळी तोंडात. आमच्या आत्या सकाळी मशेरी लावल्याशिवाय चूल पेटवायच्या नाहीत. त्यांच्यावर कोण ओरडत नाही कारण धूर दिसत नाही.

उचगाव_७:
डॉक्टर एक शंका, मी दिवसाला एकच ओढतो, जेवण झाल्यावर. एकीनं काय फरक पडतो का खरंच?

छातीविकार_ओपीडी:
@उचगाव_७ पडतो, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा फार जास्त. 2018 ला बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. दिवसाला 20 ओढणाऱ्याला हार्टचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका एक ओढणाऱ्याला पण असतो. वीसावा हिस्सा नाही, निम्मा. कॅन्सरचं गणित वेगळं आहे पण हृदयाला थोडी म्हणून सवलत नाही. कमी केली हे चांगलंच, पण तिथं थांबू नका.

सई_राजारामपुरी:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कोण सांगत नाही. काल रात्री दादाला विचारलं, न ओरडता, चहा करून दिला आणि विचारलं. पहिली उठल्या उठल्या लागते, दात घासायच्या पण आधी. आणि मग आपणहून म्हणाला की सगळ्यात जास्त कधी लागते तर बाबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर. म्हणाला त्यांचा श्वास ऐकून माझ्या छातीत काहीतरी होतं, ते थांबवायला खाली जातो. मला हे माहीतच नव्हतं. आता पाणी बदलायचं काम मी घेतलंय. निकोटिनचं च्युइंगम त्याच्याच दुकानात असतं म्हणे, आधी एकदा खाल्लं होतं, घसा जळला म्हणून टाकून दिलं. मग ते उपयोगाचं नाही का?

छातीविकार_ओपीडी:
उपयोगाचं आहे, बहुतेक लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसतात म्हणून घसा जळतो. सावकाश चावायचं, चुरचुरायला लागलं की चावणं थांबवून गालात हिरडीशी दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्या उठल्या लागते म्हणजे त्याला 2 नाही 4 एमजीचं लागेल, पण बीपी किंवा हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. नुसत्या गमनं भागलं नाही तर गोळ्या पण आहेत, त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, तेव्हा वहिनींना पण सांगून ठेवा की तो चिडेल. तलफ आली की चारपाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी त्याच्याशी बोलत राहायचं. बोलायला घरचं नको वाटलं तर 1800-11-2356 हा सरकारी फ्री नंबर आहे, पाकिटावर पण छापलेला असतो.

शिरोली_शिफ्टवाला:
डॉक्टर, गम कामावर हेल्मेट-मास्क घालून चालतं काय? आणि रात्रपाळीला पहिली कधी धरायची, उठल्यावरची का कामावर गेल्यावरची?