मालिका बघितली, पुस्तक नाही. आणि आता मंडळी कोल्हापूरला यायला निघालीत

रात्रपाळीवाला

नमस्कार. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, पण इथं कुणाशी तोंडओळख नाही म्हणून धीर करतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. वय ५२. रात्री वीज स्वस्त पडायची तेव्हापासून आमच्या भट्ट्या रात्रीच जोरात असतात. भट्टीवरनं चिल सॅम्पल, म्हणजे रस ओतून झटकन थिजवलेला तुकडा, आलं की ग्राइंडरवर घासायचं, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, ठेवायचं, ठिणगी पडली की कार्बन-सिलिकॉनचे आकडे भट्टीवाल्याला ओरडून सांगायचे. पाच मिनिटांचं काम. मग पुढची हीट, म्हणजे भट्टीतला पुढचा रस, येईपर्यंत पाऊण तास, कधी तासभर, पंख्याखाली बसून राहायचं. त्या मधल्या वेळात चार वर्षांपूर्वी मला आमचा ग्रुप सापडला.

सहा जण आहोत. नाशिकच्या काकू बँकेतनं रिटायर झालेल्या, नागपूरचे एक डॉक्टर, रत्नागिरीच्या शिक्षिका, शारजात नोकरी करणारा एक, आणि पुण्याचं एक कॉलेजचं पोरगं. सगळी रात्री जागणारी जमात. एकमेकांना कधी बघितलेलं नाही. बोलायचं ते पुस्तकांवर आणि मालिकांवर, बाकी विषय काढला की काकू चपलेचं चित्र टाकतात. नियम एकच आहे. शेवट फुटणार असेल तर आधी नारळाचं चित्र टाकायचं. ज्याला पुढचं नको त्यानं मोबाईल पालथा ठेवायचा. डॉक्टरांनी अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या डिटेक्टिव्हचं शेवटचं पुस्तक संपवलं त्या रात्री ओळीनं अकरा नारळ आले होते.

तर भानगड अशी की या ग्रुपात मला दर्दी वाचक समजतात. आणि ज्या पुस्तकांवर मी बोलतो त्यातली निम्मी मी वाचलेलीच नाहीत. मालिका बघितल्यात.

सुरुवात खोट्यानं झाली नव्हती, हे आधी सांगतो. 'स्वामी'वर चर्चा चालली होती. 'स्वामी' मी दोनदा वाचलंय. आईचं माहेर चंदगडकडचं, रणजित देसाईंचं कोवाड त्याच तालुक्यात, त्यामुळं ते पुस्तक आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असायचं. पण पुस्तकाआधी मी दूरदर्शनवरची मालिका बघितली होती, गल्लीत एकाच घरात टीव्ही होता तिथं, दारात चपलांच्या ढिगाशेजारी बसून. म्हणून आजही पान उघडलं की माधवराव रवींद्र मंकणींचाच चेहरा घेऊन येतात. थेऊरच्या भागात तर मी ओळी वाचत नाही, बघतोच. हे मी ग्रुपवर लिहिलं. काकूंचं उत्तर आलं, "काय नेमकं पकडलंत हो!" झालं. माणसाला कौतुकाची चटक लागायला एवढं पुरतं.

मग मी सुटलोच. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा विषय निघाला. मी लिहिलं, "मालिकेनं शेवटाची माती केली, पुस्तकातला शेवट वाचा, उंचीच वेगळी आहे." आता मला काय माहीत की पाचवं पुस्तक २०११ साली आलं आणि पुढचं आलंच नाही? मालिका ७३ भाग करून २०१९ मध्ये मोकळी झाली, लेखक मात्र अजून लिहितोय. पुण्याच्या पोरानं लगेच टाकलं, "काका, त्या शेवटाचं लेखकालाही कळवा, तो शोधतोय." मी खो खो हसणारी चार तोंडं टाकली आणि गंमत केली असं दाखवलं.

त्यातनं शहाणपण यायला पाहिजे होतं. नाही आलं. पुढं 'मृत्युंजय' निघालं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिकवायचे, पुस्तक १९६७ पासून घराघरात. कोल्हापूरच्या माणसानं 'मृत्युंजय' वाचलं नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी बघितलं होतं ते १९८८ साली सुरू झालेलं रविवार सकाळचं 'महाभारत', आणि त्यातला पंकज धीरचा कर्ण. कवचकुंडलं काढून देतो त्या प्रसंगावर मी असं काही लिहिलं की रत्नागिरीच्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे. मग काकूंनी विचारलं, "आणि शोणबद्दल काय वाटलं?"

मला शोण म्हणजे नदी वाटली. मी लिहिलं, "त्या नदीचं वर्णन फार सुरेख आहे."

काकूंचं उत्तर, "हं."

तेवढ्यात भट्टीवरनं सॅम्पल आलं. परत येऊन शोधतोय तर शोण हा कर्णाचा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडी पुस्तकातला एक अख्खा भाग आहे. मेसेज डिलीट केला, पण 'हा मेसेज डिलीट केला आहे' ही पाटी मागं राहतेच की. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

आता डिसेंबरात दोघं येणार आहेत. डॉक्टर नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं, काकू मनमाडला त्याच गाडीत चढणार. काकूंनी यादी पाठवलीय: शिवाजी विद्यापीठातलं खांडेकर संग्रहालय, आजरा, कोवाड, आणि वसगड्याला 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादाचा वाडा. खाली लिहिलंय, "तुम्ही आहात म्हणजे गाईड नको." डॉक्टरांची फर्माईश आहे की संग्रहालयाच्या पायरीवर मी 'ययाती'वर अर्धा तास बोलावं. 'ययाती' मी ऐकलंय. रात्रपाळीत, एका कानात, दुसऱ्या कानात ग्राइंडर.

सांगून टाकू का आधीच? की दोन महिन्यांत सगळं वाचून काढू आणि गप्प बसू? बायको म्हणते, "न बघितलेल्या माणसांना एवढं काय भ्यायचं?" तिला कसं सांगू, बघितलेल्या माणसांशी मी एवढं बोलतच नाही.

---

पावशेर

शोण नदी!! भावा, पाच मिनिटं हसतोय. पूर आलाय का सध्या तिला?

---

मिरजेची

हसा, पण ते चुकीचं नाही हं. शोण नावाची नदी खरोखर आहे, बिहारात गंगेला मिळते. अडाण्यासारखं नाही चुकलात, भूगोलात पास आहात.

आधी 'ययाती'चं बघा, कारण पायरीवर उभं राहून बोलायचंय. ऐकलेलं वाचलेलं धरायचं का? मी धरते. माझी आजी डोळ्यांनी अधू होती, आम्ही आळीपाळीनं तिला वाचून दाखवायचो, आणि आमच्या घरात तिच्याएवढी वाचलेली बाई दुसरी नव्हती. पण एका कानानं ऐकलेलं 'ययाती' मी धरणार नाही. त्यात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघं आपापली बाजू 'मी' म्हणून सांगतात. मधेच सॅम्पल आलं आणि पाच मिनिटं कान दुसरीकडं गेला, तर परत आल्यावर हा 'मी' नेमका कोण हेच कळायचं नाही. देवयानीचा राग तुम्ही शर्मिष्ठेच्या नावावर खपवाल. खरं सांगा, कचाबद्दल तुम्हाला काय आठवतं? संजीवनी विद्या सोडून.

मालिका आधी बघितली याची मात्र लाज बाळगू नका. मी चि. वि. जोशींचा चिमणराव आजही दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात वाचते. वडील म्हणायचे की मालिकेआधी त्यांच्या डोक्यातला चिमणराव वेगळाच होता, जरा बुटका. तो त्यांना पुन्हा कधी सापडला नाही. तुम्ही थेऊरबद्दल जे लिहिलंत ते हेच आहे, आणि ते तुमचं स्वतःचं आहे. काकूंनी दाद दिली ती त्याला.

---

स्पष्टवक्ता७१

माझं मत वेगळं आहे. चार वर्षं तुम्ही लोकांना फसवलंत. मालिका म्हणजे पुस्तक नव्हे. उद्या नकाशा बघून कोणी हिमालयावर व्याख्यान देईल. आणि ती 'तुझ्यात जीव रंगला' या चर्चेत कुठून आली? तिथं पुस्तक तरी आहे का?

---

पावशेर

पुस्तक नाही म्हणूनच तिथं रात्रपाळीवाले शंभर टक्के सेफ आहेत. 😄 वसगड्यात राहतो आमचा मामा. २०१६ ला शूटिंग सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी गावात गाडी लावायला जागा मिळायची नाही. मामा वैतागायचा, मामी चहा विकून खूश. भावा, तिथं तू बिनधास्त बोल.

---

जुना सभासद

वाद राहू दे, कामाचं सांगतो.

एक, करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद हो. १८५० सालची संस्था आहे, आणि वाचायला घेतलेलं पुस्तक परत करायची तारीख असली की माणूस वाचतो. स्वतःचं विकत आणलंस तर देव्हाऱ्याखाली जाईल.

दोन, 'मृत्युंजय' जाड आहे पण अडत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, शेवटी श्रीकृष्ण, असे सांगणारे बदलत जातात. एकेक भाग संपला की थांब. दोन हीटच्या मधे पंधरावीस पानं सहज होतील. मोबाईल मात्र ड्रॉवरमध्ये.

तीन, आजरा आणि कोवाड गडहिंग्लजमार्गे एका दिवसात करायचं तर पहाटे निघा आणि वसगडं त्यात घुसडू नका. संग्रहालय सुट्टीच्या दिवशी उघडं आहे का, आधी विचारून घ्या. पाहुण्यांना कुलूप दाखवू नका. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. 'ययाती' १९५९ चं, त्यावर १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. पायरीवर एवढं सांगितलंस तरी पाच मिनिटं निघतात. उरलेली पंचवीस तुझी तू बघ.

आणि सांगून टाक. काकू 'हं' म्हणाल्या ना? बँकेत काउंटरवर आयुष्य काढलेली बाई 'हं' म्हणते तेव्हा तिनं सही जुळत नाही हे बघितलेलं असतं.

---

रात्रपाळीवाला

@जुना सभासद, तुमचं शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला.

@मिरजेची, कचाबद्दल संजीवनी सोडून काहीही आठवत नाही. शरण.

@स्पष्टवक्ता, तुमचं पटलं नाही असं म्हणणार नाही. पण नकाशा नव्हता हो तो. रविवारी सकाळी अख्खी गल्ली सुनसान, वडील टीव्हीला हार घालायचे. त्यातला कर्ण मी चोरून नाही आणला.

आज रात्री सांगतो.

---

पावशेर

नारळ टाकून सांग.

---

रात्रपाळीवाला

चार दिवसांनी लिहितोय. सांगितलं.

पहाटे पावणेतीनला, तिसरी हीट ओतून झाल्यावर. लांबलचक लिहिलं नाही. कुठली वाचली, कुठली नुसती बघितली, कुठली ऐकली, तीन ओळी केल्या. आधी एक नारळ.

काकूंचं उत्तर पहिलं आलं. "शोण नदीच्या रात्रीच कळलं होतं. म्हणून तर आजरा यादीत घातलं." जुने सभासद, तुम्हाला साष्टांग.

रत्नागिरीच्या बाईंनी फक्त विचारलं की वर्गात वाचलेलं परत घेऊ का. मी म्हटलं घ्या. त्या म्हणाल्या, आता पोरांनी निबंधात ढापलंय, राहू दे.

पुण्याचं पोरगं दोन दिवस बोललं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्यानं माझं बघून चारपाच पुस्तकं घेतली होती, स्वतःच्या पैशांनी. तिसऱ्या रात्री एकच ओळ टाकली, "काका, निदान माझ्याआधी वाचून संपवा."

डॉक्टर मात्र चिडले. ते म्हणाले, "म्हणजे 'स्वामी'चंसुद्धा बनवलेलंच?" हे मी धरलं नव्हतं. जे एक खरं होतं तेही आता खोट्यात गेलं. खूप लिहिलं, खोडलं. शेवटी सकाळी घरी येऊन फळीवरनं पुस्तक काढलं आणि फोटो पाठवले. ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर आईच्या अक्षरात नाव, आणि शेवटाकडच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय ते. आई स्वयंपाक करता करता वाचायची. डॉक्टर दिवसभर गप्प. रात्री लिहिलं, "हळद खरी दिसते." मग अर्ध्या तासानं, "पायरीवर 'ययाती'वर मी बोलेन. तुम्ही कोवाडला बोला."

@मिरजेची, कच गेला, सुटलो.

@पावशेर, मामीला सांगून ठेव, तिघांचा चहा.

वाचन मंदिरातनं 'मृत्युंजय' आणलंय. मोबाईल ड्रॉवरमध्ये, आत्ता तुमच्यासाठी बाहेर काढला. पान ११२. चंपानगरीत शोण अजून लहान आहे. पुढचं त्याचं काय होतं ते कुणी नारळ टाकल्याशिवाय बोलू नका. सॅम्पल आलं.