डबा नेणारे आपणच होतो की!

प्लास्टिकबंदीमुळे आलेली कागदी स्ट्रॉ लगेच लिबलिबीत होते, हे मान्य. १ जुलै २०२२ला देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, त्यानंतर पोरांच्या फ्रुटीचा अर्धा आनंद या कागदी स्ट्रॉनेच घालवला. पण त्यावरून ‘लोकांना प्लास्टिकबंदी नकोच आहे’ असं जे म्हटलं जातं, ते पटत नाही. २३ जून २०१८ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी लागू झाली, पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तेव्हा आमच्या मासळीबाजारात निम्मी गिऱ्हाइकं स्टीलचे डबे घेऊन यायची. कोळीणमावशी खूश, पिशवीचा खर्च वाचला! पुढे तपासणी थंडावली आणि काळ्या पिशव्या परत आल्या. मला राग येतो तो दुकानदारांचा. फुकटची पिशवी गेली, आता कापडी पिशवीचे वीस रुपये वेगळे, वर त्यावर त्यांचीच जाहिरात. ती फुकट मिरवायची कशाला?