‘कृत्रिम होता म्हणून मेला’ म्हणणाऱ्यांसाठी

नकाशेवाला

रोखठोक यांची परवाची ‘नकाशावरून पुसलेले देश’ ही पोस्ट वाचली. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी हे टेबलावर रेघोट्या मारून काढलेले देश. आतून पोकळ होते, मरणारच होते, उगाच गळे काढू नका. आणि शेवटी सुभाषित: ‘टिकला तो खरा देश, गेला तो खोटा.’

मला सांगा, रेघोट्या न मारता काढलेला देश कुठला? बेल्जियम १८३० चा, इटली १८६१ ची, जर्मनी १८७१ ची. बेल्जियममध्ये २०१०च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले, कारण दोन भाषांचे पक्ष एकमेकांशी जमवून घेईनात. पण तो अजून नकाशावर आहे ना, म्हणजे खरा! उलट व्हेनिसचं प्रजासत्ताक हजार वर्षांहून जास्त चाललं. १२ मे १७९७ ला नेपोलियनच्या धाकानं तिथल्या महापरिषदेनं, गणसंख्या पुरी नसताना, मतदान करून स्वतःचं राज्य मोडीत काढलं. हजार वर्षं चाललेलं खोटं का?

पोलंडचं काय करायचं? १७७२, १७९३, १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो गिळला. १७९७ मध्ये तिघांनी गुप्त कलमात ठरवलं की पोलंडच्या राज्याचं नावच यापुढे काढायचं नाही. १९१८ ला पोलंड परत आला. म्हणजे १२३ वर्षं खोटा आणि मग एकदम खरा झाला?

आणि चेकोस्लोव्हाकिया पोकळ होता म्हणून गेला हे तर सपशेल चूक. जून १९९२ मध्ये निवडणूक झाली, चेक भागात क्लाउस आले, स्लोव्हाक भागात मेचियार. ऑगस्टमध्ये बर्नोच्या तुगेंडहाट बंगल्यात बसून दोघांनी वाटणी ठरवली. लोकांना विचारलंच नाही. मतचाचण्यांमध्ये दोन्हीकडे फाळणीला बहुमत नव्हतं. देश लोकांनी मोडला नाही, दोन पुढाऱ्यांनी मोडला.

रोखठोक

माझ्या चार ओळींसाठी एवढा प्रबंध, आभारी आहे.

व्हेनिस घ्या तुम्हाला, बक्षीस. मी विसाव्या शतकाबद्दल लिहिलं होतं हे तुम्ही सोयीनं विसरलात. युगोस्लाव्हियाला हातही लावला नाहीत, तेही लक्षात आलं. १९१८ साली सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य म्हणून सुरू झालं. दहा वर्षांत, २० जून १९२८ ला, भर संसदेत एका खासदारानं क्रोएटांच्या नेत्यावर, स्तेपान रादिचवर गोळ्या झाडल्या. तो ऑगस्टमध्ये गेला. राजानं पुढच्याच वर्षी राज्यघटना गुंडाळून देशाचं नाव बदललं. १९३४ मध्ये त्याच राजाला मार्सेयमध्ये मारलं. महायुद्धात जे झालं ते लिहवत नाही. मग टिटो. टिटो मे १९८० मध्ये गेला आणि अकरा वर्षांत सगळं खलास. एका माणसाच्या जिवावर उभा होता, त्याला देश म्हणायचं?

गणिती

दोघांनाही आकडे हवे तसे निवडायची सवय आहे.

रोखठोक, १९८१ च्या जनगणनेत युगोस्लाव्हियात बारा लाखांवर लोकांनी जात-वंशाच्या रकान्यात सर्ब, क्रोएट काही न लिहिता ‘युगोस्लाव्ह’ लिहिलं. ५.४ टक्के. टिटो जाऊन वर्ष झालं होतं. ही माणसं कोणाच्या जिवावर उभी होती?

नकाशेवाला, ‘लोकांना विचारलंच नाही’ हे बरोबर, पण क्लाउस-मेचियारना मतं लोकांनीच दिली. एकाला झटपट बाजार हवा होता, दुसऱ्याला संथ सुधारणा आणि जास्त स्वायत्तता. दोघांचे जाहीरनामे एका सरकारात बसणार नव्हते हे मतदाराला दिसत होतं. फाळणी नको, पण फाळणीकडे नेणारा नेता हवा, असं लोक करतात.

रोखठोक

५.४ टक्के! शंभरात पाच माणसांना देश हवा होता. माझाच मुद्दा सिद्ध केल्याबद्दल धन्यवाद.

गणिती

उरलेल्या ९५ जणांना नको होता असं त्यातून निघत नाही. वंश वेगळा लिहून देश एक मानता येतो. हे समजावायला लागावं याचं वाईट वाटतं.

जुनी_वही

मी सहसा वाचनमात्र असते, पण ‘गळे काढू नका’ वाचून राहवलं नाही.

मी कीवमध्ये शिकले. प्रवेशाचं पत्र सोव्हिएत संघाचं, पदवी युक्रेनची, आणि मी त्याच वसतिगृहाच्या त्याच खोलीत. मार्च १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमध्ये सुमारे ७० टक्के लोकांनी नव्या स्वरूपातला संघ राहू दे म्हणून मत दिलं. १ डिसेंबरला त्याच युक्रेनमध्ये ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला. माणसं तीच. मध्ये ऑगस्टमध्ये मॉस्कोचा बंडाचा फार्स झाला होता. आमच्या मजल्यावरची देखरेखीची बाई दोन्ही वेळा ‘हो’ला मत देऊन आली होती आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. जानेवारीत पगाराबरोबर कूपनं आली. तिची रुबलमधली आयुष्यभराची बचत बघता बघता मातीमोल झाली. तिला जाऊन सांगा, देश पोकळ होता, रडू नकोस.

आणि घरी आल्यावरचं माझं पुराण वेगळंच. एका कार्यालयात कारकून म्हणाला, प्रवेश ज्या देशात घेतला त्याच देशाच्या वकिलातीचा शिक्का पदवीवर हवा. म्हटलं, तो देश नाही आता. तर म्हणतो, ‘मग नसल्याचा दाखला आणा.’

उंटावरचा_शहाणा

‘देश नसल्याचा दाखला’ हे भारी आहे. प्रशियाकडे आहे तो दाखला. २५ फेब्रुवारी १९४७, दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेचा कायदा क्रमांक ४६: प्रशियाचं राज्य विसर्जित. तोपर्यंत नकाशावर फारसं काही उरलंच नव्हतं, पण कागद केला. काम जर्मनांना शोभेल असं.

ता.क. आता कोणीतरी, सोव्हिएत संघ फुटला तेव्हा मीर अंतराळस्थानकावर अडकलेला तो अंतराळवीर आणेल. आणू नका. प्रत्येक धाग्यात येतो.

तिकीटबाबू

मी इतका वेळ गप्प बसलो. देश खरा की खोटा याचं माप सोपं आहे: त्याच्या टपालानं पत्र पोचवलं का? माझ्याकडे वडिलांचा अल्बम आहे, त्यात डॅनझिग, सार, झांझिबार, काटांगा, नायजेरियातून फुटलेला बियाफ्रा, सगळे आहेत. डॅनझिग हे मुक्त शहर १९२० ते १९३९, स्वतःचं टपाल, स्वतःचं चलन. युद्धानंतर फ्रान्सच्या देखरेखीखाली असलेल्या सारची तिकिटं बघा, १९५२ च्या ऑलिंपिकला त्यांचा स्वतंत्र संघ होता. ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी युरोपीय देखरेखीखाली वेगळं राहण्याचा दर्जा नाकारला आणि १ जानेवारी १९५७ पासून सार पश्चिम जर्मनीत. तिकीट खोटं बोलत नाही.

गणिती

तिकीट खोटं बोलत नाही? तन्नू तुवा!

तिकीटबाबू

वाटलंच होतं.

गणिती

इतरांसाठी: सायबेरिया आणि मंगोलियाच्या मधला तुवा, १९२१ ते १९४४ ‘स्वतंत्र’. मान्यता कोणाची, तर सोव्हिएत संघ आणि मंगोलिया. तिशीच्या दशकात त्यांची तिकिटं निघाली ती त्रिकोणी, शंकरपाळ्यासारखी तिरपी, रंगीबेरंगी, जगभरच्या संग्राहकांना विकायला. एकावर उंट आगगाडीशी शर्यत लावतोय. तुव्यात तेव्हा रेल्वे नव्हती, राजधानी किझिलला आजही नाही. तुमच्या मापानं हा जगातला सगळ्यात खरा देश.

उंटावरचा_शहाणा

माझं नाव घेतल्याशिवाय कोणाचा प्रतिसाद पुरा होत नाही वाटतं. शर्यत उंटच जिंकणार, समोर गाडीच नाही.

तिकीटबाबू

तुव्याची खरी वापरलेली पाकिटंही आहेत, दुर्मीळ आहेत एवढंच. आणि ‘संग्राहकांना विकायला’ म्हणाल तर पूर्व जर्मनी काय करत होता? संचातलं एक तिकीट मुद्दाम कमी छापायचे, म्हणजे परदेशी संग्राहक पूर्ण संचासाठी धडपडतील. शिक्का मारूनच गठ्ठे विकायचे, डिंक पाठीमागे तसाच. म्हणून पूर्व जर्मनी खोटा? वडिलांनी ती कमी छापलेली एकेक तिकिटं पत्रव्यवहार करून मिळवली. पलीकडचा माणूस ड्रेस्डेनचा, नव्वदनंतर त्याची पत्रं थांबली. अल्बमची किंमत काढायला गेलो तर विक्रेता म्हणाला, पूर्व जर्मनीला आता भाव नाही. मी उठून आलो.

रोखठोक

विषय काय, चाललंय काय. डिंक!

तिकीटबाबू

तुम्ही देशांना खोटं म्हणता, मग डिंकाला नावं ठेवू नका. आणि बियाफ्राची तिकिटं बघा एकदा, १९६८ ची. देश अडीच वर्षं होता, पण छपाई काय सुरेख…

जुनी_वही

तिकीटबाबू, थांबा. बियाफ्रात नाकेबंदीमुळे लाखो लोक, त्यात पोरं किती, उपाशी मेली. जानेवारी १९७० ला तो देश शरण गेला. टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट, झांबिया, हैती, एवढ्यांनीच मान्यता दिली होती. ‘छपाई सुरेख’ काय?

तिकीटबाबू

ताई, माझ्या अल्बममध्ये ते पान आहे म्हणूनच मला बियाफ्रा माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात एक ओळ नव्हती. तुम्हाला छंद वाटतो, माझ्यासाठी तो इतिहासाचा तास होता. यापुढे तुमच्या प्रतिसादाला उत्तर देणार नाही.

उंटावरचा_शहाणा

अजून एक राष्ट्र फुटलं.

नकाशेवाला

मूळ मुद्द्यावर येऊ का? रोखठोकांच्या यादीत एक देश नाही, आणि का नाही ते कळतं: न्यूफाउंडलंड. कॅनडाच्या पूर्वेचं बेट, ब्रिटिश साम्राज्यातलं डोमिनियन, म्हणजे आपला कारभार आपण बघणारा देश, कॅनडाच्या बरोबरीचा. पहिल्या महायुद्धात स्वतःची रेजिमेंट पाठवली. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये बोमाँ-हामेलला सुमारे ८०० जण खंदकातून निघाले, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८. त्या रेजिमेंटचं कर्ज, रेल्वेचं कर्ज, वर मंदीत मासळीचा भाव कोसळला. १९३३ पर्यंत महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग व्याजात. १९३३ संपता संपता त्यांच्या विधिमंडळानं स्वराज्य स्वतःहून गुंडाळायचं ठरवलं आणि १९३४ पासून लंडननं नेमलेला आयोग कारभार बघू लागला. टेबलावरची रेघोटी नाही, वांशिक भांडण नाही, संसदेत गोळीबार नाही. सावकारानं देश नेला.

रोखठोक

उलट हे माझ्याच बाजूचं उदाहरण. १९४८ ला त्यांना दोनदा विचारलं. लोकांनी स्वतः कॅनडात जायला मत दिलं. स्वेच्छामरण!

गणिती

३ जून १९४८: पुन्हा स्वराज्य ४४.६ टक्के, कॅनडा ४१.१, आयोग चालू ठेवा १४.३. म्हणजे पहिला क्रमांक स्वराज्याचा. बहुमत नाही म्हणून तिसरा पर्याय काढून २२ जुलैला परत मतदान. कॅनडा ५२.३, स्वराज्य ४७.७. मार्च १९४९ संपता संपता विलीन. शंभरात दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर तो ‘खरा’ देश असता आणि रोखठोक त्याचं कौतुक करत बसले असते.

आणि कर्जाचं म्हणाल तर नकाशेवाला, तुम्हीही अर्धंच सांगितलंत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे तळ आले, रोजगार आला, १९४८ पर्यंत तिजोरीत शिल्लक होती. सावकार तेव्हा दारात नव्हता. लोकांनी मत दिलं ते कॅनडाच्या मुलांमागच्या भत्त्याकडे बघून. किनाऱ्यावरच्या खेड्यांतल्या बायांना तो रोख पैसा मोठा होता. राजधानीच्या बाजूचे व्यापारी विरोधात होते.

नकाशेवाला

तो पंधरा वर्षांचा आयोग बसला कशामुळे? कर्जामुळेच. शिल्लक पडेपर्यंत राज्य करायची सवय मोडली होती.

जुनी_वही

खेड्यातल्या बाईनं पोरांसाठी मत दिलं याला तुम्ही ‘सवय मोडली’ म्हणता? माझ्या कीवच्या बाईसारखंच आहे हे. तिच्यापुढे जो कागद आला त्यातलं बरं ते तिनं निवडलं.

रोखठोक

ठीक. ‘टिकला तो खरा, गेला तो खोटा’ हे वाक्य मागे घेतो, नाहीतर इथे माझ्याच विसर्जनाचा कायदा क्रमांक ४६ निघेल. पण युगोस्लाव्हियाबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. २००३ ला नावही गेलं, २००६ ला माँटेनेग्रो निघाला तो ५५.५ टक्क्यांवर, अट ५५ ची होती. अर्ध्या टक्क्यानं का होईना, निघाला. कोणी धरून ठेवलं नाही.

गणिती

पाच मिनिटांपूर्वी माझे ५.४ टक्के क्षुल्लक होते. आता अर्धा टक्का इतिहासाचा कौल आहे.

तिकीटबाबू

जाता जाता: ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ची तिकिटं २००३ ते २००६ एवढीच निघाली. कोणाकडे दुबार असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. डॅनझिगची देऊन बदल्यात घेईन. बियाफ्रा देणार नाही.

उंटावरचा_शहाणा

सोव्हिएत संघाचा इंटरनेट पत्ता, डॉट एसयू, अजून चालू आहे. युगोस्लाव्हियाचा २०१० ला बंद केला. नवं माप घ्या, डिंकावर भांडण नको.

रोखठोक

हे माप मला मान्य. युगोस्लाव्हिया हरला.