ठेकेदाराने जाळलेले डिझेल कोणाच्या हिशेबात धरायचे?

प्रश्न (साइटवरील पर्यावरण अभियंता, नवी मुंबई)

नमस्कार. मी एका मोठ्या बांधकाम कंपनीत पर्यावरण अभियंता म्हणून काम करते आणि माझ्याकडे दोन साइट व एक आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवण्याचा कारखाना) आहे. आमची कंपनी बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांत येत असल्याने शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून आम्हाला बीआरएसआर (कंपनीची सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारी मांडणारा वार्षिक अहवाल) द्यावा लागतो. त्यासाठी दर एप्रिलमध्ये मुख्यालयाकडून एक तक्ता येतो आणि डिझेल, वीज, पाणी व कचरा यांचे वर्षभराचे आकडे आठवडाभरात भरून पाठवावे लागतात.

माझी अडचण डिझेलची आहे. गेल्या वर्षी खोदकामाच्या ठेकेदाराचे पोकलेन आणि डंपर आमच्याच बाऊजरमधून (डिझेल पुरवणाऱ्या टँकरमधून) डिझेल घेत होते व ती रक्कम त्याच्या बिलातून वजा होत होती, त्यामुळे सगळे डिझेल स्टोअरच्या रजिस्टरमध्ये येत असे. या वर्षी नवा ठेकेदार आला आणि तो बाहेरच्या पंपावरून स्वतः डिझेल आणतो. परिणामी आमच्या रजिस्टरमधला आकडा जवळपास एक तृतीयांशाने खाली आला, जरी खोदकाम प्रत्यक्षात वाढले आहे. वरिष्ठांच्या मते हा आकडा तसाच द्यावा आणि पुढे ‘उत्सर्जनात घट’ असे लिहावे. मला ते पटत नाही. मात्र केवळ पटत नाही एवढ्यावर मी आक्षेप घेऊ शकत नाही, त्याला आधार हवा आहे.

दुसरे असे की पर्यावरण मंजुरीतील अटींच्या सहामाही अनुपालन अहवालात हवेचे आणि आवाजाचे आकडे बदलतात, पण बाकीचा मजकूर मागच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला असतो. हे सगळीकडे असेच चालते का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (पर्यावरण व सुरक्षा विभागातून निवृत्त, ठाणे)

आपली शंका रास्त आहे आणि तिला भक्कम आधारही आहे. हरितगृह वायूंच्या हिशेबात सर्वांत आधी सीमा ठरवावी लागते. बहुतेक बांधकाम कंपन्या ‘कार्यचालन नियंत्रण’ ही सीमा स्वीकारतात, म्हणजे ज्या कामावर कंपनीचा हुकूम चालतो ते काम कंपनीच्या हिशेबात येते. आता आपल्या साइटवर पोकलेन कुठे लावायचे, किती खोल खणायचे आणि रात्रपाळी करायची की नाही हे कोण ठरवते? आपला सेक्शन इंजिनिअर ठरवत असेल, तर डिझेलचे पैसे कोणाच्या खिशातून गेले एवढ्यावरून तो धूर दुसऱ्याचा होत नाही. माझ्या मते हे डिझेल स्कोप 1 मध्ये (कंपनीच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात) धरावे. काही कंपन्या ते स्कोप 3 मध्ये (पुरवठादार, ठेकेदार अशा इतरांकडून होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात) दाखवतात आणि त्यालाही माझी हरकत नाही, मात्र तसे करायचे असेल तर गेल्या वर्षीचा ठेकेदाराचा वापरही त्याच खान्यात हलवून जुना आकडा पुन्हा मांडला पाहिजे आणि हा बदल का केला ते तळटिपेत लिहिले पाहिजे. एक वर्ष या खान्यात आणि दुसरे वर्ष कुठेच नाही, हे मात्र चालणार नाही.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे महिन्याला 10,000 लिटर नोंदीतून सुटले तर जवळपास 27 टन सुटले. वरिष्ठांसमोर हे गणित लेखी ठेवा, तोंडी नको.

ठेकेदाराकडे पावत्या नसतील तर यंत्राच्या तासांवरून अंदाज काढता येतो. यंत्र किती तास चालले याचे लॉगबुक त्याच्या बिलासाठी ठेवलेले असतेच. गेल्या वर्षी आपल्या बाऊजरमधून भरलेल्या तेवढ्याच क्षमतेच्या पोकलेनचा तासाचा सरासरी वापर काढा आणि त्याला या वर्षीच्या तासांनी गुणा. मात्र हा आकडा अंदाज आहे हे स्पष्ट नमूद करा. बाहेरचा पडताळणी करणारा अंदाज मान्य करतो. लपवलेला अंदाज सापडला की मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

उत्तर 2 (पर्यावरण सल्लागार, पुणे)

सहामाही अहवालाविषयी लिहितो. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीतील अटींचे पालन कसे झाले याचा अहवाल दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबर या तारखांना द्यावा लागतो. ही मंजुरी विकासकाच्या नावावर असते, बांधकाम कंपनीच्या नाही. त्यामुळे कंपनीतल्या माणसाला वाटते की अहवाल विकासकाचा आहे आणि विकासकाला वाटते की माहिती कंपनीने दिली आहे. नक्कल केलेला मजकूर या दोघांमधल्या फटीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. आरएमसी प्लांटचे संमतीपत्र (प्लांट चालवण्यासाठी प्रदूषण मंडळाने दिलेली परवानगी) जर आपल्या कंपनीच्या नावावर असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दर वर्षी 30 सप्टेंबरपूर्वी द्यायचे पर्यावरण विवरण ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी आहे.

जुना मजकूर खोटा ठरवायचा असेल तर एकदा आपल्या प्लांटच्या धुण्याच्या जागेवर उभे राहा. मागच्या वर्षी एका प्लांटवर मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. अहवालात ‘मिक्सर धुतलेले पाणी गाळाच्या टाकीतून पुनर्वापरात घेतले जाते’ असे होते. तीन कप्प्यांच्या टाकीतला पहिला कप्पा सिमेंटच्या गाळाने काठोकाठ घट्ट झालेला होता आणि ट्रान्झिट मिक्सरचा चालक ड्रम फिरवत राखाडी पाणी सरळ मागच्या नाल्याकडे सोडत होता. मी पीएच मोजायची पट्टी त्यात बुडवली, तर ती क्षणात गडद जांभळी झाली, म्हणजे पीएच 12 च्या आसपास होता. सोडायच्या पाण्याची मर्यादा 5.5 ते 9 आहे. टाकी उपसायला एक जेसीबी आणि अर्धा दिवस लागला, आणि तेवढे झाल्यावर अहवालातले ते वाक्य खरे झाले. प्रत्येक अटीसमोर त्या सहामाहीतले तारखेचे छायाचित्र आणि एक मोजमाप असावे असा नियम स्वतःपुरता घालून घ्या, म्हणजे जुना परिच्छेद आपोआप उचलता येणार नाही.

राडारोड्याचेही तसेच आहे. 2016 च्या नियमांत दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर वर्गीकरणाची जबाबदारी होती, आणि 2025 चे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासूनचे आहेत. ‘इतके डंपर गेले’ ही नोंद पुरेशी नाही. वजनकाट्याची पावती आणि जिथे माल उतरला तिथली पोच, दोन्ही हवीत.

उत्तर 3 (मुख्यालयात आकडे एकत्र करणारा, मुंबई)

मी तक्ता पाठवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. बीआरएसआरमध्ये उत्सर्जनाची तीव्रता उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे काढावी लागते. बांधकामात हे प्रमाण फसवे ठरते, कारण खोदकामाच्या वर्षी डिझेल खूप आणि बिलिंग कमी असते, तर फिनिशिंगच्या वर्षी नेमके उलटे होते. त्यामुळे आम्ही अंतर्गत हिशेबात घनमीटर काँक्रीटमागे डिझेल असा दुसरा आकडाही ठेवतो आणि साइटची खरी सुधारणा त्यातच दिसते.

उत्तर 1 मधील सीमेच्या मुद्द्याला मी एक जोड देईन. लार्सन अँड टुब्रोसारख्या कंपनीने 2040 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. अशा कोणत्याही उद्दिष्टात पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढची घट ताडून पाहतात ते वर्ष, महत्त्वाचे असते, आणि त्या वर्षी ठेकेदाराचे डिझेल मोजून पुढे ते वगळले तर सगळी घट कागदावरची उरते. आमचे सर्वांत मोठे उत्सर्जन मात्र डिझेलमध्ये नाही, ते विकत घेतलेल्या सिमेंट आणि सळईत आहे. एका घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण 350 ते 400 किलो सिमेंटयुक्त माल जातो आणि त्यातला काही भाग स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) किंवा फ्लाय अॅशने (औष्णिक वीज केंद्रातली राख) बदलला की जी बचत होते, ती साइटवरच्या कित्येक उपायांपेक्षा मोठी असते. स्कोप 3 अजून ऐच्छिक गटात असल्याने हा आकडा तक्त्यात मागितला जात नाही, पण मिक्स डिझाइनची (काँक्रीटमधील घटकांच्या प्रमाणाची) माहिती जपून ठेवा.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलले. पंपाच्या पावत्या एका डंपरच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, काहींवरची शाई उडाली आहे, पण ऑगस्टपासूनच्या जवळजवळ सगळ्या मिळाल्या. त्याआधीच्या महिन्यांसाठी लॉगबुकवरून अंदाज काढते आहे आणि दोन्ही आकडे वेगळे लिहिते आहे. एक शेवटची शंका: क्युरिंगसाठी (काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) टँकरचे पाणी येते, ते भूजल म्हणून दाखवायचे का?

उत्तर 2

नाही. आपण ते विकत घेता, म्हणून ‘तिसऱ्या पक्षाचे पाणी’ या खान्यात लिहा. टँकर कोणत्या विहिरीवर भरतो ते चलनावर लिहून घ्यायला आजपासून सुरुवात करा.