मदत हवी आहे : मूळ अँड्रॉइड पुन्हा टाकल्यावर बूटलोडर लॉक करावा का?

वाटसरू_नाशिक
नमस्कार. फोनवर कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइड प्रणाली) होती, ती काढून कंपनीची मूळ प्रणाली पुन्हा टाकली आहे. फोन व्यवस्थित सुरू होतो. कॉल, कॅमेरा, वायफाय सगळे ठीक आहे. मात्र बँकेचे अ‍ॅप उघडताच 'उपकरण सुरक्षित नाही' असे सांगून बंद होते आणि फोन सुरू होताना दर वेळी बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक असल्याची सूचना येते. फास्टबूटमधून (संगणकाला जोडून फोनला आज्ञा देण्याच्या अवस्थेतून) लॉकची आज्ञा देण्याचे ठरवले आहे, परंतु कुणी म्हणते की लॉक केल्यावर फोनची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही, तर कुणी म्हणते काहीही होत नाही. सोमवारी घरभाडे भरायचे आहे, म्हणून कृपया हो की नाही एवढेच सांगावे.

चिकित्सक
एवढ्या माहितीवर हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. फोनचे मॉडेल कोणते, आधीची रॉम कोणती, मूळ प्रणाली कुठून घेतली आणि त्यानंतर फोनमध्ये आणखी काही बदल केले का, हे लिहिल्याशिवाय आज्ञा देऊ नका.

गावठी_तंत्रज्ञ
माझा सल्ला विचाराल तर लॉक अजिबात करू नका. माझ्या आतेभावाने चिनी बाजारपेठेसाठी बनवलेला फोन घेतला होता आणि विक्रेत्याने त्यावर जागतिक रॉम टाकून दिली होती. भावाने संगणकावरच्या फ्लॅशिंग (फोनवर प्रणाली टाकणाऱ्या) सॉफ्टवेअरने तीच रॉम पुन्हा टाकली. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'सगळे पुसा आणि लॉक करा' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, तिकडे त्याचे लक्ष गेले नाही. पुढच्या बूटला 'ही प्रणाली या उपकरणावर चालणार नाही' असा संदेश आला आणि पुढे सरकायचा मार्गच उरला नाही, कारण पुन्हा अनलॉक करण्यासाठी कंपनीच्या खात्याची परवानगी लागत होती.

वाटसरू_नाशिक
फोन पिक्सेल ६ए आहे, भारतातच घेतलेला. आधी लिनिएजओएस ही कस्टम रॉम होती. मूळ प्रणाली गूगलच्या संकेतस्थळावरच्या फॅक्टरी इमेजमधून (संपूर्ण मूळ प्रणालीच्या फाइलमधून), सोबतच्या फ्लॅश-ऑल फाइलने टाकली. गावठी_तंत्रज्ञ, माझा फोन चिनी बाजारपेठेतला नाही, त्यामुळे तो धोका मला लागू होत नसावा. फोन चालू होतो म्हणजे इमेज बरोबर बसली आहे, असे धरावे का?

चिकित्सक
नेमके हेच धरू नका. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, व्हेरिफाइड बूटची (फोन सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का हे तपासणाऱ्या यंत्रणेची) जी दुसरी आवृत्ती आली, तिच्यात व्हीबीमेटा नावाच्या विभागात फोनच्या साठवणुकीतल्या बाकीच्या विभागांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) आणि त्यांवरची स्वाक्षरी असते, आणि बूटलोडर फोन सुरू होताना ती स्वाक्षरी आपल्या चावीशी ताडून पाहतो. बूटलोडर अनलॉक असला की तपासणी नापास झाली तरी तो फोन सुरू करतो. ओळखपत्र खोटे आहे हे दिसूनही पाहुण्याला आत सोडणाऱ्या पहारेकऱ्यासारखे ते आहे. तुम्हाला रोज दिसणारी ती नारिंगी सूचना त्याचीच खूण. लॉक केल्यावर तीच तपासणी सक्तीची होते आणि एकाही महत्त्वाच्या विभागात परका बदल सापडला, तर लाल सूचना दाखवून फोन तिथेच थांबतो. म्हणून आज फोन चालतो यावरून तो लॉक केल्यावरही चालेल, असे सिद्ध होत नाही. धोका लॉकच्या आज्ञेत नसून, अपुऱ्या किंवा बदललेल्या प्रणालीवर लॉक लावण्यात आहे.

खटपट्या
एवढ्या शास्त्राची गरजच नाही. बूटलोडर अनलॉकच ठेवा, मॅजिस्क (फोनवर पूर्ण ताबा देणारे साधन) टाका, त्यात प्ले इंटिग्रिटी (फोन सुरक्षित आहे का हे अ‍ॅपला सांगणारी गूगलची तपासणी) चुकवणारे मॉड्यूल बसवा, बँकेचे अ‍ॅप चालू लागेल. मी असेच वापरतो आणि डेटाही पुसावा लागत नाही.

चिकित्सक
आज चालते, उद्या चालेलच असे नाही. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या आवृत्त्यांवर प्ले इंटिग्रिटी आता हार्डवेअरकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर विसंबते आणि त्या प्रमाणपत्रात बूटलोडर लॉक आहे की नाही याची नोंद असते. ती मॉड्यूले दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणाच्या बाहेर फुटलेल्या गुप्त चाव्या वापरून खोटे प्रमाणपत्र पुढे करतात, आणि अशा चाव्या सापडल्या की गूगल त्या रद्द करते. ज्या फोनवरून घरभाडे जाणार आहे, त्यावर असल्या उसन्या चाव्या कशाला?

खटपट्या
रद्द झाली तर नवी मिळते. सगळ्यांनी कंपनीच्या मर्जीने चालायचे असेल, तर मग फोन आपला कसा म्हणायचा?

निवृत्त_शिक्षक
अनलॉक करण्यासाठी सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' येथे जाऊन बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवावे, त्यामुळे डेव्हलपर पर्याय उघडतात. तेथे ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर अनलॉक करू देणारी सेटिंग) सुरू करून फास्टबूटमध्ये जावे. माझ्या जुन्या नेक्ससवर हे करताना काहीही अडचण आली नव्हती.

वाटसरू_नाशिक
सर, धन्यवाद, पण माझा फोन आधीच अनलॉक आहे. खटपट्या, मूळ प्रणाली टाकल्यावर अ‍ॅप चालावे म्हणून मॅजिस्क मी टाकलेच आहे, तरीही बँकेचे अ‍ॅप ऐकत नाही. मॅजिस्कचा लॉक करण्याशी काही संबंध येतो का?

चिकित्सक
संबंध येतो, आणि थेट येतो. पिक्सेल ६ए अँड्रॉइड १२ सह आलेला फोन असल्यामुळे त्यात मॅजिस्क बूट विभागातच बदल करते, म्हणजे ज्याची स्वाक्षरी तपासली जाते त्याच विभागात. आज लॉकची आज्ञा दिली असती, तर फोन सुरू झाला नसता. शिवाय मॅजिस्क टाकताना व्हीबीमेटा 'डिसेबल व्हेरिटी' आणि 'डिसेबल व्हेरिफिकेशन' या तपासणी बंद करणाऱ्या पर्यायांसह फ्लॅश केला असेल, तर तोही आता मूळचा राहिलेला नाही. म्हणून केवळ बूट इमेज परत टाकून भागवू नका, संपूर्ण फॅक्टरी इमेज नव्याने टाका. फोनवर सध्या जी आवृत्ती आहे तीच किंवा तिच्याहून नवी घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ च्या अद्यतनानंतर ६, ६ प्रो आणि ६ए या फोनांचा बूटलोडर मागे नेता येत नाही, त्यामुळे अँड्रॉइड १२ ची जुनी इमेज उकरून काढू नका.

दूरदेशी
न्यू जर्सीहून लिहितो आहे, माझ्याकडेही हाच फोन आहे. एक गोष्ट कुणी सांगितली नाही. या फोनमध्ये प्रणालीचे दोन स्लॉट, म्हणजे दोन स्वतंत्र जागा, असतात आणि फॅक्टरी इमेज मुख्यतः चालू स्लॉटवर बसते, त्यामुळे दुसऱ्या स्लॉटवर लिनिएजचे अवशेष किंवा जुना बूटलोडर राहू शकतो. चालू स्लॉट कधी बिघडला आणि फोन दुसऱ्याकडे वळला, तर लॉक असलेल्या अवस्थेत तिथेच अडकेल. अँड्रॉइड १३ च्या वेळी गूगलनेच सुचवलेला उपाय असा, की नवी प्रणाली एकदा पूर्ण सुरू होऊ द्यावी आणि मग तिचीच संपूर्ण ओटीए (अद्यतनाची) फाइल रिकव्हरीतून (फोनच्या दुरुस्ती-अवस्थेतून) साइडलोड करावी (संगणकावरून टाकावी), म्हणजे ती दुसऱ्या स्लॉटवर बसते. फॅक्टरी इमेजसाठी आज्ञा टंकायचा कंटाळा असेल, तर ब्राउझरमधून चालणारे गूगलचे अँड्रॉइड फ्लॅश टूल वापरता येते. तिथे 'वाइप डिव्हाइस' आणि 'फोर्स फ्लॅश ऑल पार्टिशन्स' निवडा, पण 'लॉक बूटलोडर' हा पर्याय पहिल्या फेरीत निवडू नका.

गावठी_तंत्रज्ञ
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा भाडे दुसऱ्या फोनवरून भरलेले बरे, असे माझे मत अजूनही कायम आहे.

चिकित्सक
सोमवारपुरते तेच करावे, घाईत लॉक करू नये, इथपर्यंत मी तुमच्याशी सहमत आहे. पण अनलॉक फोन हाताशी लागलेला कुणीही केबल जोडून त्याचे बूट विभाग बदलू शकतो, म्हणून कायमचे अनलॉक राहणे हा उपाय नव्हे. तुमच्या आतेभावाच्या बाबतीत हार्डवेअर एका बाजारपेठेचे आणि प्रणाली दुसरीची होती. पिक्सेलच्या फॅक्टरी इमेजला तो प्रश्न येत नाही.

वाटसरू, दोन्ही स्लॉट झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंग सुरूच आहे याची खात्री करा, मग फास्टबूटमध्ये 'फास्टबूट फ्लॅशिंग गेट_अनलॉक_अ‍ॅबिलिटी' ही आज्ञा द्या. उत्तर १ आले, तरच 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक' द्या आणि फोनच्या पडद्यावर आवाजाच्या बटणाने निवड करून पॉवरच्या बटणाने दुजोरा द्या. उत्तर ० आले आणि लॉक केल्यावर फोन सुरू झाला नाही, तर पुन्हा अनलॉक करता येणार नाही. लॉक करताना सगळा डेटा पुसला जातो. छायाचित्रांची प्रत लोक काढतात, परंतु ओटीपी तयार करणाऱ्या अ‍ॅपमधल्या नोंदी विसरतात. त्या आधी दुसऱ्या उपकरणावर हलवा. गूगल खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या आणि यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागेल, त्यासाठी नोंदणीकृत सिम याच फोनमध्ये हवे.

वाटसरू_नाशिक
भाडे पत्नीच्या फोनवरून भरले आणि काल शांतपणे सगळे केले. फ्लॅश टूलने पूर्ण इमेज टाकली, फोन सुरू करून ओटीए साइडलोड केली, आज्ञेचे उत्तर १ आले, मग लॉक केले. नारिंगी सूचना गेली आणि बँकेचे अ‍ॅप उघडले. आता ओईएम अनलॉकिंग लगेच बंद करावे का?

खटपट्या
बंद करू नका, पुढे कधी विचार बदलला तर?

दूरदेशी
विचार बदलला, तर फोन सुरू असताना ते सेटिंग्जमधून पुन्हा चालू करता येतेच. पुढचे एक मासिक अद्यतन नीट बसेपर्यंत चालू ठेवा, मग बंद करा.

चिकित्सक
सहमत. मात्र ते बंद केल्यावर पुन्हा मॅजिस्ककडे वळायचे असेल, तर आधी इथे येऊन विचारा, आणि त्या वेळी मॉडेल पहिल्याच ओळीत लिहा.